तपकिरी चेनची साक्ष

३ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझी बहीण पोलीस ठाण्याची पायरी चढून आली. घाबरू नकोस, तक्रार माझीच आहे. मंगळवारी भरदुपारी माझ्या शिलाईच्या दुकानासमोर हेल्मेट घातलेला एक माणूस उभा राहिला आणि खिडकीतून माझ्याकडे बघत त्याने पँटची चेन उघडली. पुढचं लिहीत नाही, समजून घे. डोळे मात्र कामाला लागले. करड्या पँटला तपकिरी चेन! काळी संपली होती म्हणून गेल्या महिन्यात मीच लावलेली. मापाची वही उघडली, नाव निघालं. वरच्या गल्लीतला विमा एजंट. शहाणा माझ्याच हातची शिवण घालून माझ्यासमोर आला!

हवालदार हसला, पण फौजदाराने एजंटाला बोलावलं. त्याने लगेच कबूल केलं, कारण कबुली दिली आणि माझी हरकत नसली की लेखी समज देऊन सोडतात, कोर्ट टळतं. विचार करायला मी पंधरा दिवस मागून घेतले आहेत.

लोभाची टीप घट्ट असू दे.

तुझी,
टाचणी

९ मार्च

चि. टाचणीस,
अ. आ.

पत्र वाचून माझं डोकं फिरलं. पण आता झालं गेलं सोड. त्याने कबूल केलं, नाक घासलं, पुरे नाही का? कोर्टात वकील तुला नको नको ते विचारेल. किती वेळ बघत होतीस म्हणेल, तेव्हा काय सांगशील? गिऱ्हाईक तुटेल ते वेगळंच. मी मुख्याध्यापक आहे, समज दिली की पोरं सुधारतात हा माझा अनुभव आहे. तुझं पत्र घरात कुणाला दाखवलेलं नाही. जाऊ दे, तब्येतीला जप.

तुझ्या काळजीत असलेला,
दादा

१४ मार्च

ति. दादास,
सा. न.

मुख्याध्यापक महाराज, एकाच पोराला किती वेळा समज देता? फौजदाराला खोदून विचारलं तेव्हा कळलं, एजंटाला आधी दोनदा देऊन झाली आहे. एकदा वाचनालयाच्या जिन्यावरून, एकदा बागेतल्या प्रकारावरून. दोन्ही वेळा त्या त्या बाईच्या घरचेच जाऊ दे म्हणाले.

वकिलाने विचारलं किती वेळ बघत होतीस, तर सांगेन, चेन ओळखू येईपर्यंत. तीस वर्षं लोकांचं उसवलेलं झाकते आहे, ह्याचं झाकणार नाही. लाज त्याची, ती मी का अंगावर घेऊ? भीती वाटते, खोटं कशाला बोलू. आठवडाभर खिडकीला पडदा ओढून शिवत होते. आज तो काढून टाकला आणि खटला चालवा असं लिहून दिलं. २८ तारखेला कोर्ट आहे. आलास तर बरं वाटेल, नाही आलास तरी मी जाणारच.

हट्टी असली तरी तुझीच,
टाचणी

१९ मार्च

चि. टाचणीस,
अ. आ.

तुझं पत्र पोरीच्या हाती पडलं. वाचून ती ते घेऊन माझ्याकडे आली. मग म्हणाली की गेल्या वर्षी बसथांब्यावर तिच्यासमोरही एकाने असंच केलं होतं. आईला सांगितलं, मला नाही. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, बाबा जाऊ दे म्हणाले असते. ते खरंच आहे, म्हणून फार लागलं. माझं ते पत्र फाडून टाक. २८ला आम्ही दोघं येतो.

रागावू नकोस.

तुझा,
दादा

२२ मार्च

ति. दादास,
सा. न.

पत्र फाडणार नाही. मापाच्या वहीत ठेवलं आहे, त्याच पँटच्या पानावर. राग कधीच गेला. येताना तो जुना कोट घालू नकोस, त्याची बाही उसवली आहे आणि लोक मला नावं ठेवतील.

तू कोर्टात हवा तिथे बस. पोरीला मात्र पहिल्या बाकावर बसव. मी मोठ्याने बोलणार आहे, तिला एकूण एक शब्द ऐकू गेला पाहिजे.

तुम्हा दोघांची वाट पाहणारी,
टाचणी