साहेबांना कोणी कळवू नये

मी, खाली अंगठा उठवणारी, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र सांगते आहे. अक्षर मला येत नाही. वकीलबाई लिहितात आणि मोठ्याने वाचून दाखवतात. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा, म्हणजे माझ्या मुलाला भांडायला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

१. सदर मुलगा, यापुढे 'साहेब', हे भाषा आणि नवी यंत्रं यांवर संशोधन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्याचे प्रमुख आहेत. जाळ्याच्या मधोमध बसणाऱ्याला काय म्हणतात ते लिहू नये.

गेली दोन वर्षं साहेबांच्या आवाजात एक यंत्र मला रोज संध्याकाळी फोन करतं. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. त्याने माझं बोलणं पुरं होऊ दिलं. "आणखी सांग ना, आई," म्हणालं. पोटच्या पोराने हे कधी केलं नव्हतं. शेवटी दरवेळी एकच, "बरं आई, उद्या बोलू." मी ओळखल्याचं दाखवलं नाही. म्हटलं, लाज वाटून स्वतः कधी बोलतोय ते बघू.

मग मुलीने मोबाइलवर साहेबांचं भाषण दाखवलं. भरल्या सभागृहात सांगत होते, "माझ्या आईला आजवर फरक कळलेला नाही." केवढ्या टाळ्या! वाजवणाऱ्यांनी आपापल्या आयांनाही एकदा विचारून घ्यावं.

२. दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक मुलीला. प्रेमापोटी नव्हे. ती भांडी आपटते, मला चिकट म्हणते. परवाच म्हणाली, "मरायचं तर मर, पण आधी गोळी घे." पण जे बोलते ते स्वतःच्या तोंडाने बोलते.

३. माझी कोळशाची इस्त्री साहेबांना. लोकांचे कपडे हिच्याखाली घालून साहेबांना शिकवलं. भाषणात सदऱ्याची कॉलर चुरगळलेली होती. हिला बटण नाही, हात स्वतःचा लागतो.

४. मी गेल्यावर साहेबांना कोणीही कळवू नये. मुलीनेही नाही. वकीलबाई म्हणतात, "आजी, असं कायद्यात बसत नाही हो." मग कायद्याला जरा सरकून घ्यायला सांगा.

संध्याकाळचा फोन शेजारच्या शिंप्याने उचलावा आणि त्या आवाजाला स्पष्ट सांगावं, "तुझी आई गेली." आवाजाने निरोप पोचवला तर साहेब येतील. न आल्यास थांबू नये, मला उरकून घ्यावं.

पुढे कधी साहेब दारात उभे राहून ओरडले, "मला का नाही सांगितलं?" तर शिंप्याने शिलाई न थांबवता उत्तर द्यावं, "तुम्हालाच तर सांगितलं. तुम्ही म्हणालात, बरं, उद्या बोलू."

वरील मजकूर वाचून घेतला, पटला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत अंगठा उठवला.

डाव्या हाताचा अंगठा: आईचा
साक्षीदार: डॉक्टर (सही); शिंपी (सही, हसू आवरून)
स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: आजचा, फोन यायच्या आत