हनुवटीवरचा ठिपका

३ मार्च, सकाळी ८
बायको तिच्या ताईकडे गेली. चार दिवसांसाठी. दोन सुटकेसा आणि शिलाई मशीन घेऊन. चार दिवसांत बरंच शिवायचं असेल.
जाताना म्हणाली की एकोणीस वर्षांत तू माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नाहीस. हे एका फोटो स्टुडिओवाल्याला सांगते! तिचे हजार फोटो काढलेत मी.
दुखणं तांत्रिक आहे. तिच्या प्रत्येक फोटोत हनुवटीच्या डावीकडे ठिपका येतो. सेन्सरवरची धूळ. दर वेळी मी तो कॉम्प्युटरवर पुसतो. ती म्हणायची, असू दे की रे तो. माझ्या कॅमेऱ्याला सांभाळून घ्यायची बिचारी.
संकल्प: ती यायच्या आत सेन्सर लख्ख.

६ मार्च
सेन्सरबद्दल वाचतोय. इतकी वर्षं नुसतंच बटण दाबलं. आत लाखो बारीक खळगे. उजेड पडला की त्यात वीज साठते. उजेड किती ते कळतं, रंग कळत नाही. म्हणून प्रत्येकावर लाल, हिरवी किंवा निळी काच. बाकीचे रंग आजूबाजूच्या खळग्यांवरून अंदाजाने भरायचे.
मीही शेजारच्या काकूंना विचारलं, ही काही बोलली होती का. काकू म्हणाल्या, वर्षभर बोलत होती, तुम्हीच ऐकलं नाहीत. काकूंना वाढवून सांगायची सवय.

१० मार्च
चार दिवस लांबले. शिवणकाम म्हटलं की लांबतंच.
सेन्सर दोन जातींचे. जुना सीसीडी: प्रत्येक खळगा आपली वीज शेजारच्याच्या हवाली करतो, ती पुढे सरकत सरकत शेवटी एकाच दारातून बाहेर. नवा सीमॉस: ज्याची वीज तो जागच्या जागी मोजतो.
आमचं घर सीसीडी. लेकीचं मला, माझं लेकीला, सगळं हिच्यामार्फत. आता दारच नाही. आठवडाभर आम्ही बापलेक फक्त मिठाबद्दल बोलतोय.
आज मात्र लेक म्हणाली, बाबा, आईला फोन कर. म्हटलं, सेन्सर झाला की लगेच.

१४ मार्च
सेन्सर पुसला. आधी हवेचा पंप, मग ओली पट्टी. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. कोरा करकरीत!
पुस्तकात लिहिलंय, धूळ फोटोत कायम एकाच जागी दिसते. आमची फिरती होती. चिवट जात.
लेकीला सांगितलं, आईला कळव, ठिपका गेला. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी.

२१ मार्च, दुपारी ४
आली! ओळखपत्राला फोटो हवा होता. ताईच्या गावी शाळेत शिवण शिकवायची नोकरी लागलीय. तिकडे दोन स्टुडिओ आहेत, तरी माझ्याकडेच आली. राहिलेले कपडे न्यायचे होते म्हणे.
स्टुलावर बसवलं. कॅमेऱ्यात बघ म्हटलं. बघितलं तिने. क्लिक. ठिपका!
स्टूल हातभर सरकवायला सांगितलं. पुन्हा क्लिक. ठिपकाही तिच्याबरोबर हातभर सरकला.
कॅमेरा खाली ठेवला. पाहिलं. तीळ आहे. मोहरीएवढा.
विचारलं, हा कधी आला. म्हणाली, जन्मापासून आहे. मग हळूच म्हणाली, या वेळी पुसू नकोस, फॉर्मात ओळखीची खूण म्हणून तोच लिहिलाय.
आठ प्रती दिल्या. आठही घेऊन गेली.

संध्याकाळी ६
अल्बम काढून बसलोय. एकोणीस वर्षं. एकाही फोटोत तीळ नाही.
काम फार सफाईने केलंय.