तुरळच्या झऱ्यावरचा लाल दिवा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
कोल्हापूर, ५ मार्च २००१

ती. मृत्युंजयमामांस,
शांभवीचा शि. सा. न. वि. वि.

चिपळूण गाडीच्या कंडक्टरजवळ एक पेटी दिली आहे. माझा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे तो! आत इंजिन नाही, चाक नाही. नुसत्या उष्णतेवर वीज देणाऱ्या चकत्या आहेत. तुमच्या गरम झऱ्यावर तिचा दिवा सलग एक तास पेटला पाहिजे. वीस तारखेच्या आत साक्षीदारांसह नोंद आणा, नाहीतर वर्ष गेलं समजा, असं सरांनी बजावलंय. मला कावीळ झालीय, तुमची बहीण, म्हणजे आमची अव्वा, उंबरा ओलांडू देत नाही. तेव्हा सगळी भिस्त तुमच्यावर. लाल रंगाची बाजू पाण्याला लावा. मामीला नमस्कार.

आपली लाडकी,
शांभवी

तुरळ, ९ मार्च

चि. शांभवीस,
अ. उ. आ.

पेटी पोचली. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि पेटी अख्खी बुडवली. कुंडात अर्धी अंघोळ कुणी करतं का? दिवा काही पेटेना. तुझी मामी म्हणाली, पोरगीला ताप चढलाय, त्यात काहीतरी इसरली असंल की. तब्येत सांभाळ. उत्तर ताबडतोब धाड.

तुझा,
मामा

कोल्हापूर, १२ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामीचं खरं आहे, चूक माझीच. दुसरी बाजू थंड हवी, हे लिहायचंच राहिलं. एक बाजू गरम, दुसरी गार, तरच वीज. दोन्हीकडे गरम पाणी लागलं तर काहीच नाही. तुम्ही पेटीला न्हाऊ घातलंत हे वाचून पोट दुखेपर्यंत हसले. आता मात्र आठच दिवस उरलेत, जीव टांगणीला लागलाय.

शांभवी

तुरळ, १७ मार्च

चि. शांभवीस,
अ. उ. आ.

पेटला! हरभऱ्याएवढा लाल दिवा, पण काय सांगू, मी कुंडालाच हात जोडले. वरच्या बाजूला मामीने ओलं फडकं घातलं आणि माठाला भोक पाडून वरून धार सोडली. चाळीस मिनिटांत माठ संपला, दिवा मंदावला. विहीर लांब. तेव्हा कपडे धुवायला आलेल्या धोंडुबाई, चिमणाबाई आणि आणखी पाच जणी धुणं टाकून कळशा घेऊन पळाल्या. दिवा विझू दिला नाही त्यांनी. तास भरला. नोंद याच गाडीने पाठवतोय.

तुझा मामा

कोल्हापूर, २१ मार्च

ती. मामा-मामींस,
सा. न. वि. वि.

प्रकल्प मंजूर झाला. आनंदाने मला जेवणही सुचेना. सरांनी नोंद दोनदा वाचली. तुमच्या सहीखाली सात अंगठे बघून त्यांनी विचारलं, या बायका कोण?

मी सांगितलं, सर, ही माझ्या यंत्राची गार बाजू.

असाच जीव लावत राहा.

आपली,
शांभवी