ग्रह नऊच, आणि माझी फाइल

३ मार्च
ऑफिसात कोड लिहिणारं टूल आलं. आपण हात लावायचा नाही, असं ठरवलं. तारांगणाच्या प्रोग्रॅममध्ये ग्रह फिरवणारी फाइल मी लिहिली, ग्रह नऊ होते तेव्हा. ती दुसऱ्या कुणाला कळत नाही. फाइल आहे तोवर नोकरी आहे.

४ मार्च
साहेब (वयाने माझ्याहून पंधरा वर्षं लहान) म्हणाला, सर, ग्रह आठ करा, शाळांच्या तक्रारी येतात. मी म्हटलं, प्लूटोला हात लावला तर सगळं कोसळेल. खरं तर त्या फाइलमध्ये मी काय लिहिलंय ते आता मलाही वाचता येत नाही. पण हे सांगायची गरज नव्हती.

७ मार्च
टूलला विचारलं. फक्त परीक्षा म्हणून. ग्रह किती? आठ म्हणालं. मी म्हटलं, नऊ. लगेच, तुमचंच बरोबर, क्षमस्व. यंत्राला वळण आहे, घरात लेकीला नाही. मग विचारलं, माझ्या फाइलशिवाय प्रोग्रॅम चालेल? अशक्य, म्हणालं. जीव भांड्यात पडला.

१० मार्च
जेवताना लेकीने ग्रहाची व्याख्या ऐकवली. सूर्याभोवती फिरायला हवं, गोल हवं आणि आजूबाजूची जागा स्वतःच्या वजनाने मोकळी केलेली हवी. प्लूटो तिसऱ्या अटीत नापास. बायको माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, दुसरीत तुम्ही पहिल्या नंबराने पास. दुर्लक्ष केलं.

११ मार्च
तिसरीतही पास! माझ्या आजूबाजूच्या चारही खुर्च्या रिकाम्या. सगळे वरच्या मजल्यावर टूलच्या टीममध्ये गेलेत म्हणे. मला कुणी विचारलं नाही. माझं वजनच तसं.

१४ मार्च
टूलचं मत साहेबाला दाखवलं. त्याने माझ्यासमोरच टूलला विचारलं, ही फाइल काढून नवी लिहिता येईल ना? नक्कीच, उत्तम विचार, म्हणालं. सरडा बरा. सोमवारी नवी फाइल लावणार म्हणे. त्या दिवशी मुद्दाम रजा टाकतो. कोसळलं की धावत येतील.

१७ मार्च
रजा. फोन फुल चार्ज. आंघोळीलाही सोबत नेला. दुपारी एकदा वाजला. बायको होती, गॅस बंद केलात का म्हणून. संध्याकाळी नेटवर्क तपासलं. होतं.

१८ मार्च
जुनी फाइल गेली. आठ ग्रह फिरतायत, पूर्वीपेक्षा जलद. वाईट वाटायला हवं होतं. वाटेना. साहेब म्हणाला, नोकरी कुठे जात नाही सर, फक्त पदाचं नाव बदलतंय, ज्येष्ठ सल्लागार. काम काय, विचारलं. लागलं की विचारू, म्हणाला.

१९ मार्च
दुपारी टीममधली एक मुलगी खाली आली. वाटलं, सल्ला लागला. वर खुर्च्या कमी पडत होत्या. चारही नेल्या. मग घुटमळत म्हणाली, सर, आणखी एक मिळाली असती तर. मी उठून दिली.
आता जागा पूर्ण मोकळी. बसायला काही नव्हतं, म्हणून मजल्याला एक चक्कर मारली. मग आणखी एक.