देवानंदच्या अक्षरातली माझी कार्डं

सेक्टर २, भिलाई

मायले जयभीम.

मी बरा आहो. डब्बा टाइमावर खातो. तुह्या गुडघ्याची मालिश चालू आहे ना? फोनवर हे माह्यानं बोलवलं नसतं, म्हणून लिहून राहिलो.

काल इथल्या हुडको कॉलनीत देवानंद भेटला. लहानपणी विहाराच्या होस्टेलात माह्या बाजूच्या चटईवर झोपत होता, तोच. होस्टेल चालवणाऱ्या भंतेजींची आठवण निघाली. मले ताप आला तवा त्यांनी आपल्या चिवरात गुंडाळून दवाखान्यात नेलं होतं. असा गुरुजी कोणाले भेटत नाही, असं मी आजवर सगळ्याले सांगत आलो.

मंग देवानंद खाली पाहून म्हणाला, "नागसेन, तू घरी लिहिलेली कार्डं भंतेजी मले बदलून फिरून लिहाले लावत. माह्यं अक्षर चांगलं होतं ना. रडकं कार्ड घरी जाऊ नये म्हणत."

माय, मी दर रविवारी एकच लिहीत होतो, मले घेऊन जा. तुले काय वाचून दाखवलं? पोरगा खुशीत आहे? भंतेजी सकाळी आमच्याकडून खोटं न बोलण्याचं शील म्हणवून घ्यायचे, अन् दुपारी हे!

अन् मी तीस वर्षं राग धरला तो तुह्यावर. माय आली नाही म्हणून. सुट्टी असूनही गावाले आलो नाही.

हे पत्र दादाच्या पोरीकडून, उन्नतीकडून वाचून घेजो. तिले सांगजो, पोरी, आहे तसंच वाच. आजीले रडू आलं तरी एक शब्द बदलू नको.

तुहा नागसेन