ओ देणारी

प्रिय न्यागाले,

पाकीट बघून आधी कपाळाला आठ्या घालशील. घरात फोन असताना ही चवळीखाऊ कागद कशाला काळे करतेय, म्हणशील. म्हण बाई. आम्हा कुलिबाली आडनावाच्यांना थट्टेनं चवळीखाऊ म्हणायचा हक्क अख्ख्या सेगू गावाला आहे, पण तुझ्यासारखं तोंड भरून कुणी म्हणत नाही. परवा घाटावर मासळी घेताना कोळीण म्हणाली, तुला मासे कशाला गं, घरातली चवळी संपली वाटतं? मीही म्हटलं, तुझी मासळी चवळीपेक्षा स्वस्त झालीय म्हणून आले. दोघी हसलो. आणि घरी आल्यावर मला उगीचच रडू फुटलं. फटकळ बोलणारं माणूस घरात नसलं की घर कसं खायला उठतं, ते मला या वयात कळतंय.

तू लेकीच्या, वासाच्या, बाळंतपणाला म्हणून आबिजानला गेलीस. पाऊस संपला की येते म्हणालीस. तो पाऊस संपला, त्याच्या पुढचाही संपला. मी रोज आपला तीन पेल्यांचा चहा ठेवते. पहिला कडू पेला होतो, दुसरा होतो, आणि तिसरा, तुझ्या आवडीचा गोडमिट्ट, तो करायचा कुणासाठी म्हणून किटली उतरवून ठेवते. परातीत एकटीचाच हात असला की जेवणसुद्धा नको वाटतं. कामाला मात्र खंड नाही हं. चित्रं रंगवायला मडक्यात नदीचा चिखल मुरतोय, पाल्याच्या काढ्यात भिजवून पिवळी केलेली कापडं दोरीवर वाळतायत. माझा दीर येऊन बघून जातो आणि म्हणतो, चित्रं काढतेस, पुस्तकं लिहितेस, चौकात गोष्टी सांगतेस, एक ना धड भाराभर चिंध्या! त्याला काय सांगू, की माझ्या सगळ्या चिंध्या एकाच गोधडीच्या आहेत आणि ती शिवणारी सुई तू होतीस.

तुला आठवतं, तुझे भाऊ कसे अंगावर धावून आले होते? तुम्ही कुयाते, जन्माचे गाणारे-सांगणारे. तुझ्या गळ्यापुढे माझा गळा म्हणजे फुटकं मडकं. आणि तू म्हणे या कुलिबालीच्या मागे बसून तिच्या गोष्टीला नुसता हुंकार भरत नामू, नामू करणार? घराण्याचं नाक कापलंस! तू काय म्हणालीस, ते मी अजून लोकांना सांगते. म्हणालीस, ती वाहवत जाते, तिला अडवायला कुणीतरी नको का? हुंकार सगळेच देतात गं. पण माझं वाक्य खोटं पडलं की तू गप्प बसायचीस. मागून नामू आला नाही की समजायचं, आसितानबाई, चुकलात, मागे फिरा. भर सभेत तू मला अशी उभी ठेवायचीस. किती चिडायचे मी तुझ्यावर! घरी येताना वाटभर भांडण.

आणि माझ्या आजीची ती गोष्ट. घोडेस्वारांनी गावच्या गाव गुलाम म्हणून धरून समुद्राकडे नेलं, मागे उरलेली एक बाई रोज दिवस मावळताना नदीवर जाऊन नेलेल्यांना एकेकाच्या नावानं हाका मारायची. ती नावं आजीनं मला दिली, मी ती कापडावर काढली, एकेका नावाची एकेक खूण. मी हाक मारायची आणि त्यांच्या वतीनं ओ तू द्यायचीस. म्हाताऱ्याचं नाव आलं की चिरका नामू, पोराचं आलं की इवलासा. बायका पदर तोंडाला लावून रडायच्या. मला वाटायचं, आज खरंच कुणीतरी पाण्यापलीकडून बोललं.

तुझ्या मागे मी ही गोष्ट सांगायची नाही असंच ठरवलं होतं. पण बामाको शहरातल्या कार्यक्रमवाल्या मंडळींनी फार गळ घातली, म्हणाले हुंकाराला रेडिओवरचा निवेदक देतो, खणखणीत आवाज आहे. आवाज होता खरा. माईक तोंडाशी धरून तो प्रत्येक वाक्याला नामू म्हणत होता. मी गोष्टीतल्या एका म्हातारीला चुकून दोनदा मारलं, तरी नामू. नदी उलटी वाहवली, तरी नामू! मग नावं सुरू झाली. एकेक खूण बघत मी हाका मारत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, न्यागाले! नेलेल्या माणसांच्या रांगेत, धडधडीत तुझं नाव. अगं, तू असतीस तर माझ्या पाठीत गुद्दा घातला असतास. तो म्हणाला, नामू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोष्ट तिथंच सोडून मी कापड गुंडाळलं आणि घर गाठलं. जित्या माणसाला मी त्या रांगेत उभं केलं, आणि एकालाही त्यात वावगं वाटलं नाही.

तेव्हापासून मी तुला फोन करत सुटले. तू उचलायचीस. पंख्याची घरघर ऐकू यायची, खालून जाणाऱ्या गाड्या, तुझा श्वास. मी बडबडायचे, रागवायचे, शिव्यासुद्धा घातल्या. मग फोन बंद. मी म्हटलं, ठीक आहे, शहर लागलं बाईसाहेबांना. आता आपण कोण? रुसून बसले. रुसायलाही समोर कुणीतरी लागतं, म्हणून तेही धड जमेना.

गेल्या शुक्रवारी वासाचा फोन आला. तिच्यावर चिडू नकोस, तू शपथ घातली होतीस तरी तिनं सांगितलं, आणि सांगताना ती फार रडली. तुझ्या घशात गाठ होती. डॉक्टरांनी ती काढली, आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. आसितानला कळता कामा नये, तिला आता दुसरी कुणी मिळू दे, असं तू पाटीवर लिहून दाखवलंस म्हणे. वा गं शहाणे! मी फोनवर शिव्या देत होते आणि तू नुसती ऐकत होतीस. म्हणून हे पत्र. पत्राला उलट बोलावं लागत नाही. आता नीट वाच, आणि वाचताना ओठ हलवतेस तसे हलव. कापणी झाली की मी आपल्या अंगणात तीच गोष्ट सांगणार आहे, पहिल्यापासून. अंगणात पाण्याचं घमेलं भरून ठेवलंय, त्यात तुझा मोठा भोपळा पालथा तरंगतोय, लग्नात वाजवायचीस तोच. गळा गेला, हात तर शाबूत आहेत? ज्यांच्या वतीनं तू इतकी वर्षं ओ दिलीस, त्यांचा आवाज तरी कुठं गावापर्यंत पोचत होता? मी हाक मारीन, तू भोपळ्यावर थाप दे. पोरासाठी बोटांनी, म्हाताऱ्यासाठी मुठीनं. मी खोटं बोलले तर हात वर उचलून बस, मी मागे फिरेन. त्या रांगेतून तुझं नाव मला काढायचंय, आणि ते एकटीनं काढता येत नाही. सगळ्यात आधी तुलाच हाक मारीन. तू ओ देईपर्यंत पुढचं वाक्य बोलणार नाही, मग माणसं उठून घरी गेली तरी बेहत्तर.

तिसरा पेला तुझ्यासाठी राखून ठेवणारी,
तुझीच चवळीखाऊ
आसितान