बाबांच्या कबरीवरच्या अळंब्या

एनोकदादा,

अँकरेजहून तुझा फोन आला की मी "सगळं ठीक आहे" म्हणते, ते खोटं आहे. बाबांच्या कबरीवर अळंब्या उगवल्यात.

मी उन्हाळाभर विद्यापीठवाल्यांना अभ्यासासाठी झुडपांची मुळं धुऊन देते. ते म्हणतात, जमिनीखालचा बर्फ वितळतोय, म्हणून मुळांवरची थंडीतली बुरशी जाऊन उबेतली येतेय, अळंब्या तिच्याच. मला एवढंच दिसतं, की क्रूस कललाय आणि अळंब्या खायला येणारी कॅरिबू हरणं कबर तुडवतायत.

आईला सांगितलं, तर ती तशीच उठली. अळंबीला हात लावला तर हात गळून पडतील, असं लहानपणी आपल्याला दटावायची ना? तीच आई हातमोजे काढून एकेक अळंबी उपटत बसली.

"अगं, मोजे तरी घाल."

"एनोकने पाठवलेत. खराब कशाला करू?"

आता रोज सकाळी बोटं हलवून बघते. काल चहा ओतताना म्हणाली, "आहेत अजून. जमीन गोठायच्या आत तुझ्या बापाला टेकडीवर हलवू."

"दादाला बोलवू?"

"बोलवायचं नाही. यायचं तर येईल."

म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही. पण विमानाचा आवाज आला की हातातलं मूळ तसंच टाकून मी बाहेर धावते.

बाबांची पेटी उचलायला आई, मामा आणि मी आहोत. गावातले कितीतरी जण तयार आहेत, पण चौथा कोपरा आई कोणालाच देत नाही.

तुझी,
मर्ना